कुरण, लपण आणि लाल टोपी

मी, म्युरिअल ॲग्नेस बेडोज, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, पूर्वीची नोकरी औषधांच्या दुकानात, जन्मभराचा उद्योग पाखरांचे फोटो काढणे, राहणार ब्रूक कॉटेज, थॉर्नलो, श्रॉपशायर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पुऱ्या अक्कलहुशारीने माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्या छातीचा आता भरवसा राहिलेला नाही. डोके मात्र जागेवर आहे. ज्यांना त्याबद्दल शंका असेल त्यांनी ती माझ्या हयातीत तोंडावर विचारावी, मागाहून कोर्टात जाऊन विचारू नये.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले शेवटचे वकील श्री. हॉचकिस यांनी टाइप करून दिले होते. त्यात एकही चूक नव्हती आणि एकही वाक्य माझे नव्हते. मी तसे बोलून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मिस बेडोज, मृत्युपत्रात रुसवेफुगवे लिहीत नसतात.”

“मग कुठं लिहितात?”

“कुठंच लिहीत नाहीत. मनात ठेवतात.”

“आजवर तेच करत आले,” मी म्हणाले, “आणि त्यातून काही निष्पन्न झालेलं नाही.”

म्हणून हे मी घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहीत आहे. कायद्याला लागतात ती सारी वाक्ये यात आहेत. बाकीची मला लागतात.

कलम १. घर. ब्रूक कॉटेज हे राहते घर, मागच्या बागेसह आणि लाकडी शेडसह, माझी भाची रोवेना हिला द्यावे. रोवेना माझा धाकटा भाऊ क्लेमेंट याची मुलगी. तिचा बाप आणि मी एकमेकांशी बोलत नाही हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे, तरी दर नाताळाला ती फळांचा केक घेऊन येते, तासभर बसते आणि बापाचे नाव काढत नाही. एवढा पोच तिला कुणाकडून आला, ते देव जाणे. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते, त्यावर नुसता रंग मारू नये. शेडचे दार एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत उघडे ठेवावे. आत तुळईवर पाकोळ्यांची घरटी आहेत आणि त्या या घरात माझ्याही आधीपासून राहतात.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा, उरेल ते रोवेनाचे. चर्चमधल्या चहाला हॅमचे सँडविच असावेत आणि ते जाड कापलेले असावेत. लिलीची फुले नकोत, मला त्यांच्या वासाने शिंका येतात. त्या वेळी येणार नाहीत हे मला कळते, तरीही नकोत.

कलम ३. हत्यारे. माझे दोन्ही कॅमेरे, लांब भिंग आणि वडिलांनी ॲश झाडाच्या लाकडाची करून दिलेली तिपाई थॉर्नलोच्या शाळेला द्यावी. मुलांनी हे कपाटात न ठेवता वापरावे, पडले तरी चालेल. त्यांना एकच गोष्ट शिकवावी. घरट्यावरच्या पाखराचा फोटो काढताना मागे काय येते ते आधी बघायचे. मागे गवत असावे, आभाळ असावे. ओळखू येईल असे फाटक, पूल, धुराडे, काही म्हणजे काही असू नये. फोटोत पाखरू दिसावे, पत्ता दिसू नये. हे वाक्य शाळेने हवे तर फळ्यावर लिहावे. याचे कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. श्री. ऑल्डस फिनमोर, कॅमेरा क्लबचे अध्यक्ष, यांना माझा हिरवा फ्लास्क द्यावा. त्याचे झाकण गळते. हे त्यांना आधी सांगू नये.

श्री. फिनमोर यांच्यावर माझा राग का, ते लिहिलेच पाहिजे, नाहीतर मी उगाच खाष्ट ठरेन. गावच्या हॉलमध्ये दारासमोर माझा एक मोठा फोटो लावलेला आहे. घरट्यात बसलेला कुरल पक्षी, लांब खाली वाकलेली चोच, मान ताठ, डोळा सरळ बघणाऱ्याकडे. त्याला लंडनला बक्षीस मिळाले. बक्षीस समारंभाला श्री. फिनमोर बोलायला उभे राहिले ते लवकर बसलेच नाहीत. “काय ती नजर! पाखरू जणू आपल्याशी बोलतंय!” पुढे प्रत्येक वर्षी हेच. मिस बेडोजच्या कुरलांची नजर, मिस बेडोजच्या कुरलांचा करारीपणा. मी तिथे टाळ्या ऐकत बसे आणि मला शरमेने खाली बघावेसे वाटे. ते पाखरू कुणाशी बोलत नव्हते. ते घाबरलेले होते. कापडाच्या मागे माणूस बसलाय हे त्याला पक्के ठाऊक होते आणि अंडी टाकून उडावे की बसावे हा विचार ते करत होते. निवांत कुरल असा बसत नाही. तो चोच पाठीच्या पिसांत खुपसून डोळे मिटतो.

हा फोटो हॉलमधून काढून टाकावा. त्याच्या जागी यंदाच्या मे महिन्यातला लावावा. तो माझ्या पलंगाशेजारच्या खणात पाकिटात आहे. त्यात मादी अंड्यांवर चक्क झोपलेली आहे. इतक्या वर्षांनी असा फोटो मिळाला तेव्हा मला वाटले, पाखराला अखेर माझी सवय झाली. फिनमोरना मुद्दाम फोन करून मी तसे सांगितलेसुद्धा. “आता ती मला ओळखते,” असे मी म्हणाले. म्हातारपणी माणूस कशाकशाने फुगतो.

कलम ५. लपण. ओढ्याकाठच्या कुरणात माझे कापडी लपण उभे आहे. माणूस आत बसला की पाखराला दिसू नये आणि भिंगापुरती फट असावी, एवढाच त्याचा उपयोग. त्याचा सांगाडा क्लेमने केलेला आहे. क्लेम सुतार आहे, चांगला सुतार आहे. सांगाडा इतकी वर्षे पावसात उभा असून हललेला नाही. कापड मी पुष्कळ वेळा बदलले.

लपणात बसायची एक रीत आहे, ती इथे नोंदवते. पाखरांना सगळे कळते, फक्त मोजता येत नाही. एकटा माणूस लपणात शिरला आणि बाहेर आला नाही, तर कुरल लांब उभा राहून लपणाकडे बघत राहतो आणि तोवर अंडी गार पडतात. म्हणून दोघांनी जायचे. एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने आल्या वाटेने परत जायचे, चांगले हात हलवत, लांबून दिसेल असे. पाखराला वाटते, माणूस आला होता, तो गेला. मग ते येऊन सुखाने बसते. परत जाणाऱ्याने मागे वळून बघायचे नाही, वळला तर पाखराला संशय येतो. उजेड उतरला की त्याने पुन्हा यायचे आणि आतल्याला घेऊन जायचे. आतल्याने आपण होऊन बाहेर पडायचे नाही, कितीही पाय आखडले तरी.

माझा परत जाणारा क्लेम होता. आईने विणलेली लाल टोपी घालून, चर्चमधली भजने बेसूर गात तो कुरणातून निघून जायचा. मी आत हसू दाबत बसायची. त्या वर्षांतल्या माझ्या सगळ्या फोटोंत पाखरे झोपलेली आहेत. तेव्हा त्यांना कुणी बक्षीस दिले नाही.

अडुसष्ट सालच्या मे महिन्यात आई अंथरुणाला खिळली होती. तिला कुरल बघायचा होता आणि चर्चही बघायचे होते. म्हणून मी फक्त तिच्यासाठी एक फोटो असा काढला की पुढे घरटे, मागे आमच्या चर्चचा तिरका मनोरा. असा तिरका मनोरा आसपास दुसरीकडे कुठे नाही. फोटो तिच्या उशाशी ठेवला. माझ्या वाढदिवसाच्या सकाळी क्लेम नाचतच स्वयंपाकघरात आला.

“म्युरी, डोळे मीट! मीट म्हणतो ना! आता उघड.”

टेबलावर वर्तमानपत्र होते. त्यात तोच फोटो, खाली माझे नाव आणि गावाचे नाव.

“तुझं नाव छापून आलंय! मीच पाठवला. आईच्या उशाशी ठेवून काय उपयोग? जगाला कळू दे ना माझी बहीण काय चीज आहे ते!”

“क्लेम, मनोरा.”

“काय मनोरा?”

“मनोरा दिसतोय, गाढवा.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा उतरला की अजून आठवतो. त्या रविवारी ओढ्याच्या पुलावर अनोळखी गाड्या उभ्या राहिल्या. पाखरांची अंडी गोळा करून, पोकळ करून, कपाटात मांडणारी माणसे या देशात असतात, त्यांना असा पत्ता म्हणजे मेजवानी. आम्ही दोघे फाटकाशी उभे राहून लोकांना हाकलत होतो. तरी सोमवारी घरटे रिकामे होते. नर आणि मादी दोघेही कुरणावर घिरट्या घालत ओरडत होते. ते कितीतरी दिवस ओरडत होते.

मी क्लेमला म्हणाले, “आजपासून या कुरणात पाऊल टाकायचं नाहीस. परत तोंड दाखवू नकोस तिथं.”

तो म्हणाला, “बरं.”

त्याने ते माझ्यावरच्या मायेपोटी केले होते, हे मला तेव्हाही कळत होते. मायेने केले म्हणून राग कमी झाला नाही, उलट वाढला. पुढे त्याच्या लग्नाला मी गेले, केक खाल्ला, नवऱ्या मुलाशी बोलले नाही. आई गेली तेव्हा आम्ही शेजारी उभे होतो. तो पुलापलीकडच्या गावात राहतो, चालत गेले तर चहा निवायच्या आत पोचावे इतक्या अंतरावर. लपणात मी एकटीच जाऊ लागले. दुसऱ्या कुणाला सोबत बोलावले नाही. बोलावले असते तर क्लेमची जागा रिकामी आहे हे कबूल करावे लागले असते. लपणाचे काय करायचे ते कलम ७ मध्ये लिहीन.

कलम ६. कुरण. माझी खरी काळजी ही आहे, बाकी सगळे किरकोळ. वडिलांनी क्लेमला सुताराचे दुकान दिले आणि मला ओढ्याकाठचे कुरण. आसपासची सगळी कुरणे आता मे महिन्यातच कापतात, गुरांच्या चाऱ्यासाठी, आणि कुरलाची अंडी नेमकी मे महिन्यात गवतात असतात. कापणीचे यंत्र घरटे बघून थांबत नाही. या पट्ट्यात आता फक्त माझ्या कुरणात कुरल येतात. मी गेल्यावर जो कुणी मालक होईल त्याने एका वर्षी घाई केली की संपले, त्यांना दुसरी जागा नाही. रात्री धाप लागून उठून बसते तेव्हा मला मरणाची भीती वाटत नाही, कापणीच्या यंत्राची वाटते.

शेजारचे शेतकरी श्री. आयव्हर गिटिन्स यांना कुरण हवे आहे. माणूस भला आहे, पण गवत मांडीएवढे झाले की त्याचे हात शिवशिवतात. रोवेना शहरात राहते, ती विकून टाकेल आणि तिला दोष देता येणार नाही. तेव्हा कुरण परगण्याच्या पक्षीमित्र मंडळाला द्यावे. ते पाट्या लावतील, गाड्या उभ्या करायला खडी टाकतील, बाकावर देणगीदारांची नावे कोरतील, हे सगळे मला दिसते आहे. पण कापणार तरी नाहीत. याहून बरा मार्ग मला सापडलेला नाही.

या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून श्री. गिटिन्स आणि माझा भाऊ क्लेमेंट बेडोज यांनी सही करावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही, असा आपला कायदा आहे. क्लेमला चिठ्ठी पाठवून मी गुरुवारी दहाला बोलावले आहे. त्याला काही मिळणार नाही हे त्याने स्वतःच्या सहीने मान्य करावे, अशी माझी इच्छा आहे.

वरची कलमे सोमवारी लिहिली. आज बुधवार. कलम ६ आता लागू नाही. ते मी मुद्दाम फाडून टाकत नाही, कारण ते लिहिणारीही मीच होते. असे का झाले ते सांगते.

सकाळी श्री. गिटिन्स स्वयंपाकघराच्या दारात आले.

“बाई, उद्या सहीला किती वाजता यायचं?”

“दहाला. आणि बूट पुसून.”

“म्हणजे मला त्यातून काही मिळायचं नाही ना? साक्षीदाराला नाही मिळत म्हणतात.”

“चहा मिळेल.”

“वाटलंच होतं. दुसरा साक्षीदार कोण?”

“क्लेम.”

त्यांचा चेहरा एकदम खुलला. “चला, बोलायला लागलात म्हणायचं एकदाच्या! खरं सांगू का बाई, मला बघून कसंतरीच व्हायचं. तुम्ही पुढं, तो मागं, रोज सकाळी. आणि तुमच्याकडून साधं हू नाही की चू नाही.”

“कोण मागं?”

“तुमचा भाऊ. कोण म्हणजे काय?”

“क्लेम कुरणात येतो?”

“कुरणात कुठला येतोय? पायवाटेवर असतो. मी विचारलं त्याला एकदा, तर म्हणाला, कुरणात यायची बंदी आहे, पायवाट सगळ्यांची आहे. तुम्ही तंबूत शिरलात की जरा वेळ तुमच्या पाठीमागं उभा राहतो आणि मग जातो निघून. ती कसली लाल टोपी घालून, गात गात. आमची कुत्री भुंकतात त्याच्यावर.” मग ते थांबले. “बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?”

“कधीपासून?”

“यंदा मार्चपासून. थोरल्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं ना, तेव्हापासून. आता बसा बरं खाली. मी ठेवतो चहा.”

आमच्या कुरणाच्या कडेने, कुंपणाला लागून, जुनी सार्वजनिक पायवाट जाते. लपणाची पाठ तिच्याकडे आहे आणि फट घरट्याकडे. कानातले यंत्र शीळ घालते म्हणून आत बसताना मी ते काढून ठेवते. तेव्हा मला मागचे काही दिसत नाही आणि ऐकू येत नाही. कुरलाला मात्र दिसते आणि ऐकूही येते.

गिटिन्स गेल्यावर मी खणातले पाकीट काढले आणि तो फोटो बघत बसले. चोच पाठीत, डोळे मिटलेले. मला कसली ओळखते ती! तिने लाल टोपी जाताना बघितली होती.

मग मी काठी घेऊन कुरणात गेले. तीन वेळा थांबावे लागले. लपणात बसले, भिंग लावले आणि या खेपेला कानातले यंत्र तसेच ठेवले, शिटी वाजली तर वाजू दे म्हणून. थोड्या वेळाने मागे पायवाटेवर बूट वाजले. माझ्या पाठीमागे येऊन थांबले. आमच्या मध्ये फक्त कापड होते. त्याला आता गुडघ्याचा त्रास आहे, उभे राहताना तो कण्हतो, तेही ऐकू आले. तो खोकला आणि खोकला दाबला. मी हाक मारली असती तर पाखरू उडाले असते. निदान मी स्वतःला तसे सांगितले. मग तो गायला लागला, अजून तितकाच बेसूर, आणि आवाज ओढ्याकडे लांब लांब गेला. कुरलाची मादी लांबच्या गवतातून चालत आली, अंड्यांवर बसली, एकदा चोच खाली घालून अंडी सारखी केली आणि डोळे मिटले. मी फोटो काढला नाही. मला नीट दिसत नव्हते.

एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. अडुसष्ट साली मी रागात एक वाक्य बोलले होते. “या कुरणात पाऊल टाकायचं नाहीस.” त्याने त्यानंतर आजपर्यंत ते टाकलेले नाही. आपल्या बापाच्या कुरणात, जिथे तो रांगायला शिकला, तिथे तो पायवाटेची कड ओलांडत नाही, मी बघत नसतानासुद्धा. असा माणूस मी सांगितलेल्या तारखेआधी गवताला विळा लावील का? मी जन्मभर कुरणासाठी राखणदार शोधत राहिले आणि तो कुंपणाशी टोपी घालून उभा होता.

कलम ७. ओढ्याकाठचे कुरण, त्यातल्या लपणासह, माझा भाऊ क्लेमेंट बेडोज याला द्यावे. त्याच्यावरची कुरणात येण्याची बंदी या कलमाने उठवली आहे. कुरलाची पिल्ले उडून जाईपर्यंत गवत कापू नये, मग ऑगस्ट लागला तरी चालेल. त्यानंतर कोणी कापावे आणि गवत कोणी न्यावे हे क्लेम आणि श्री. गिटिन्स यांनी भांडून ठरवावे. क्लेमनंतर कुरण रोवेनाला जावे, आणि तिला ते सांभाळणे जमत नसेल तर मगच पक्षीमित्र मंडळाला. खडी टाकू नये.

आईच्या उशाशी ठेवलेला मनोऱ्याचा फोटो अजून माझ्याजवळ आहे. कात्रणही आहे. दोन्ही क्लेमला द्यावीत. फोटो चांगला आहे. हे त्याला मी कधी सांगितले नव्हते.

कलम ८. माझे दहन करावे. राख लगेच कुठे टाकू नये. एप्रिल उलटून कुरल अंड्यांवर बसेपर्यंत ती क्लेमने आपल्याकडे ठेवावी, दुकानात रंधे ठेवतो त्या फळीवर ठेवली तरी हरकत नाही. मग एका सकाळी त्याने लाल टोपी घालून मला लपणात घेऊन जावे. पायवाटेने जाऊ नये, सरळ कुरणातून जावे. राख आत, माझ्या स्टुलाखालच्या मातीत ओतावी. डबा झाकून तिथेच ठेवावा आणि बाहेर यावे. मग नेहमीप्रमाणे गात, हात हलवत, पाखराला दिसेल असे निघून जावे. मागे वळून बघू नये. पूर्वी उजेड उतरला की तो मला न्यायला यायचा. या वेळी येऊ नये.

आज गुरुवार. क्लेम दहाला आला. कोट घातलेला, गळ्याशी टाय, खिशात स्वतःचे पेन. दारातच थांबला. स्वयंपाकघरात यायचे की नाही हे त्याला कळेना.

“सही कुठं करायची?” त्याने विचारले. इतक्या वर्षांत तो माझ्याशी बोलला ते हे पहिले वाक्य.

“तुझी सही नको,” मी म्हणाले.

एवढेच तोंडातून निघाले. पुढचे बोलायला गेले तर श्वास पुरेना, आणि गिटिन्स बसलेले, नर्सबाई औषध द्यायला आलेल्या. क्लेमने माझ्याकडे बघितले, पेन परत खिशात ठेवले आणि म्हणाला, “बरं.” आता तो बाहेर बाकावर बसलेला आहे. इथून त्याची पाठ दिसते. आपल्याला पुन्हा एकदा हाकलले असे त्याला वाटते आहे, आणि तसे वाटू देण्याइतका वेळ माझ्याजवळ आता नाही. म्हणून ही शेवटची ओळ लिहून झाली की मी सही करणार, यांच्या सह्या घेणार आणि बाहेर जाऊन त्याला टोपी आणली आहेस का ते विचारणार आहे.

साक्षीदारांबाबत खुलासा. सोमवारी ठरवलेल्या साक्षीदारांतून क्लेमेंट बेडोज यांचे नाव मी आज स्वतः खोडले आहे. कारण साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि क्लेमला घ्यायचे आहे. त्यांच्या जागी नर्सबाई सही करत आहेत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, तो मला मान्य आहे. खाली नावे असलेल्या दोघांसमक्ष मी सही केली आणि त्या दोघांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या. दोघांनाही यातून चहाखेरीज काही मिळालेले नाही.

सही: म्युरिअल ॲग्नेस बेडोज

साक्षीदार पहिले: आयव्हर गिटिन्स, शेतकरी, थॉर्नलो

साक्षीदार दुसरे: ~~क्लेमेंट बेडोज, सुतार~~
थेल्मा ऑकली, फिरत्या परिचारिका

स्थळ: ब्रूक कॉटेज, थॉर्नलो, श्रॉपशायर
दिनांक: २६ मे २०११